पुढच्या प्रोसेसरची वाट किती पाहायची?

प्रश्न: मी पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. सहा महिन्यांत प्रबंध सादर करायचा आहे. माझा लॅपटॉप २०१८ चा आहे. पातळ, वजनाला हलका, आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम. बॅटरी आता दीड तासही पुरत नाही, उजवीकडची बिजागरी सैल झाली आहे, आणि व्हिडिओ कॉल चालू असताना दुसरं काही उघडलं की सगळं अडकतं. २०२३ मध्ये नवा घ्यायला निघाले तेव्हा भाऊ म्हणाला, इंटेलचा मिटिऑर लेक हा नवा प्रोसेसर येतोय, थांब. तो आला तर पुढच्या पिढीच्या, लूनर लेकची चर्चा सुरू झाली. मग पँथर लेक. आता तोही आलाय, आणि भाऊ म्हणतो, "एवढी थांबलीस, तर आता नोव्हा लेकच घे." माझं काम म्हणजे लेखन, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती उतरवून काढणं, 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडी आकडेमोड आणि ब्राउझरमध्ये कायम उघडे असलेले तीस-चाळीस टॅब. घेतला आणि दोन महिन्यांत त्याहून चांगला आला, तर फार हळहळ वाटेल. थांबू की घेऊ?

उत्तर: घ्या. याच महिन्यात घ्या.

आणि त्याआधी एक काम आजच करा. प्रबंधाची प्रकरणं, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं आणि 'आर'च्या फाइल्स यांची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर ठेवा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती प्रोसेसरची नव्हे, बिजागरीची. पातळ लॅपटॉपमध्ये स्क्रीनची वायर बिजागरीजवळूनच जाते. बिजागरीचा आधार सुटला की एखाद्या दिवशी झाकण उघडताना स्क्रीन काळी पडते, आणि ती नेमकी तुमच्या मुदतीच्या आठवड्यात पडू शकते. बॅटरीकडेही नीट बघा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून तो डुगडुगतो का, ट्रॅकपॅड एका बाजूनं वर आलाय का, क्लिक करताना अडतोय का, हे तपासा. तसं असेल तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. मग तो लॅपटॉप वापरणं आणि चार्जिंगला लावणं लगेच थांबवा आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या.

आता तुमच्या भावाबद्दल. त्याचं सांगणं अगदीच निराधार नाही. हलक्या लॅपटॉपच्या दुनियेत काही वर्षं अशी आली, की तेव्हा थांबलेल्यांचं खरंच भलं झालं. २०१३ मध्ये इंटेलचा हॅसवेल आला तेव्हा १३ इंची मॅकबुक एअरची बॅटरी कंपनीच्या आकड्यानुसार ७ तासांवरून १२ तासांवर गेली, आणि बॅटरीचा आकार मात्र जवळपास तेवढाच राहिला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये आठव्या पिढीनं १५ वॉटच्या चिपमध्ये दोनऐवजी चार कोअर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळं काम करू शकणारे चिपचे भाग, बसवले. तुमच्या लॅपटॉपमध्ये याच पिढीचा प्रोसेसर आहे. तो इतकी वर्षं तग धरून राहिला, त्यात या बदलाचा मोठा वाटा आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलचा एम१ आला आणि पंखाच नसलेला लॅपटॉप दिवसभर वेगानं चालू शकतो हे लोकांनी पाहिलं.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती कमी सांगितली जाते. २०१५ मध्ये इंटेलनं जाहीर केलं की १० नॅनोमीटरच्या, म्हणजे आणखी बारीक घडणीच्या चिप्स २०१७ च्या उत्तरार्धात येतील. अनेकांनी त्या भरवशावर खरेदी पुढे ढकलली. प्रत्यक्षात २०१८ मध्ये कॅनन लेक या नावानं आली ती दोन कोअरची एक छोटीशी चिप, तीही आतलं ग्राफिक्स बंद करून विकलेली. सर्वसामान्य ग्राहकाला घेता येतील असे १० नॅनोमीटरचे हलके लॅपटॉप आइस लेकसोबत २०१९ मध्ये आले. जो २०१६ मध्ये "फक्त एक पिढी थांबतो" म्हणाला, त्याची तीन वर्षं गेली. आणि त्या तीन वर्षांत चार कोअरवाली आठवी पिढी बाजारात येऊन गेली होती, ज्याच्याकडे तो बघतही नव्हता. खरी प्रगती त्याच्या डोळ्यांसमोर झाली, पण त्याची नजर दुसऱ्याच नावावर खिळलेली होती.

तुमच्या बाबतीत तेच झालंय असं मला वाटतं. तुम्ही ज्याची वाट पाहत होतात, ते येऊन गेलं.

मिटिऑर लेक २०२३ च्या डिसेंबरमध्ये आला. त्याची रचना नवी होती, पण तुमच्या कामाच्या दृष्टीनं फरक माफकच होता. त्या वेळी थांबलात म्हणून फार काही गमावलं नाहीत. सप्टेंबर २०२४ मधल्या लूनर लेकची गोष्ट वेगळी. त्यात इंटेलनं रॅम थेट प्रोसेसरच्या पॅकेजवर बसवली, कोअर आठच ठेवले आणि सगळा भर वीज वाचवण्यावर दिला. ज्यांना टायपिंग, ब्राउझर, कॉल आणि अधूनमधून आकडेमोड एवढंच करायचं असतं, आणि चार्जर खोलीवर ठेवून बाहेर पडायचं असतं, त्यांच्यासाठी कित्येक वर्षांत इंटेलनं केलेलं हे सगळ्यात चांगलं काम होतं. सगळे कोअर एकदम राबवणाऱ्या कामांत ही चिप मागे पडते, मोठे व्हिडिओ बनवणाऱ्यांनी ती टाळावी. पण 'आर' मुळात एका वेळी एकच कोअर वापरतं, खास पॅकेज (जोड-प्रोग्राम) लावून काम वाटून दिलं नाही तर. त्यामुळे तुम्हाला ती उणीव फारशी जाणवणार नाही. यानंतरचा पँथर लेक २०२६ च्या जानेवारीत लॅपटॉपमध्ये दिसू लागला. त्यात जास्त कोअर असलेली मॉडेल्स आहेत आणि काहींत ग्राफिक्स खूप ताकदवान आहे. चांगली चिप आहे. पण तिच्यामुळे तुमच्या प्रबंधाचं पान लवकर उघडणार नाही.

आणि नोव्हा लेक? इंटेलनं २०२६ ची अखेर सांगितली आहे. बातमी आणि हातात येणारा लॅपटॉप यांत किती अंतर पडतं ते पाहा. क्वालकॉम या कंपनीनं आपला स्नॅपड्रॅगन एक्स एलिट हा प्रोसेसर ऑक्टोबर २०२३ मध्ये दाखवला, लॅपटॉप मिळाले जून २०२४ मध्ये. पँथर लेकची रचना ऑक्टोबर २०२५ मध्ये उलगडून सांगितली, लॅपटॉप आले पुढच्या वर्षी. शिवाय पहिल्या दिवशी येतात ती थोडी, आणि बहुधा महागडी मॉडेल्स. तुम्हाला हवा तो कीबोर्ड, हवं ते वजन आणि हवी ती रॅम असलेलं मॉडेल यायला आणखी काही महिने जातात. मग पहिले काही महिने झाकण बंद असताना बॅटरी उतरणं, वाय-फाय तुटणं, बायॉसचे लागोपाठ अपडेट अशा गोष्टी चालतात. लिनक्स वापरत असाल तर ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, स्थिरावायला आणखी वेळ. सहा महिन्यांत प्रबंध देणाऱ्या माणसानं कोऱ्या चिपच्या पहिल्या खेपेत कशाला उतरावं?

आता एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तुमचं नेहमीचं सगळं उघडा: टॅब, प्रबंधाची फाइल, व्हिडिओ कॉल. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स भागात सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) आणि मेमरी (म्हणजे रॅम) असे दोन आलेख दिसतील. लॅपटॉप अडकतो त्या क्षणी दोन्हींकडे बघा. माझा अंदाज आहे की मेमरीचा आलेख वर छताला चिकटलेला असेल आणि सीपीयूला अजून वाव असेल. ८ जीबी रॅममध्ये तीस-चाळीस टॅब आणि व्हिडिओ कॉल मावत नाहीत. मावत नाही ते विंडोज एसएसडीवर टाकत राहतं आणि परत आणत राहतं, आणि तुम्हाला वाटतं प्रोसेसर म्हातारा झालाय. आलेख उलटे दिसले, म्हणजे सीपीयू पूर्ण भरलेला आणि मेमरी मोकळी, तर कुठला प्रोग्राम तो खातोय ते प्रोसेसेसच्या यादीत बघा. खूपदा एखादं ब्राउझर एक्स्टेन्शन किंवा अँटिव्हायरस निघतो.

म्हणून नव्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरच्या पिढीआधी रॅम ठरवा. बहुतेक हलक्या लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. एसएसडी निदान बऱ्याच मॉडेल्समध्ये बदलता येते. १६ जीबीपेक्षा कमी घेऊच नका. हा लॅपटॉपही सात-आठ वर्षं वापरणार असाल, आणि तुमची सवय तशीच दिसते, तर ३२ जीबी घ्या. एक पिढी मागचा प्रोसेसर आणि ३२ जीबी, की ताज्या पिढीचा प्रोसेसर आणि १६ जीबी, असा पेच पडला तर तुमच्यासाठी मी डोळे मिटून पहिला निवडेन.

रॅमवरून किमतीचा मुद्दा निघतो. वाट पाहणाऱ्यांचा एक जुना भरवसा असतो, की थांबलं तर किमान स्वस्त तरी मिळेल. एरवी नवी पिढी आली की मागची स्वस्त होते, हे खरंही आहे. पण २०२५ च्या अखेरीपासून चित्र बदललं. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरकडे वळवली आणि साध्या संगणकांच्या रॅमचे भाव झपाट्यानं चढले. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं सांगितलं. अशा काळात जास्त रॅमचा लॅपटॉप योग्य भावात दिसत असेल तर तो पुढे ढकलून स्वस्त होईल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

हलक्या लॅपटॉपबद्दल आणखी एक गोष्ट जाहिराती सांगत नाहीत. इथे चिप किती पळू शकते यापेक्षा ती किती वेळ पळू शकते हे महत्त्वाचं, आणि ते ठरवतं लॅपटॉपचं शरीर. पातळ देहात उष्णता बाहेर टाकायला जागा नसते. चिप काही सेकंद जोरात धावते, मग तापते, मग कंपनीनं ठरवून दिलेल्या वॉटवर येऊन थांबते. तीच चिप एका कंपनीनं १५ वॉटवर आवळलेली असते, दुसरीनं दोन पंखे देऊन २८ वॉटपर्यंत मोकळी सोडलेली असते. त्यामुळे चांगल्या शरीरातली मागची पिढी वाईट शरीरातल्या नव्या पिढीला सहज मागे टाकू शकते. रिव्ह्यू वाचताना चिपचा नव्हे, त्या विशिष्ट मॉडेलचा वाचा. त्यात दोन गोष्टी शोधा: अर्धा तास ताण दिल्यावर वेग किती उरतो, आणि तेव्हा पंख्याचा आवाज किती होतो. तुम्ही ध्वनिमुद्रणं ऐकून उतरवता, तेव्हा पंख्याचा आवाज ही तुमच्यासाठी किरकोळ बाब नाही.

बॅटरीचंही तसंच, आणि तिथे थोडं गणित उपयोगी पडतं. वर्णनात बॅटरीची क्षमता वॉट-अवर या एककात दिलेली असते. हलक्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा ५० ते ७० च्या आसपास. समजा ५५ आहे. लेखन करताना सगळा लॅपटॉप मिळून ५ वॉट खात असेल तर अकरा तास मिळतील, ८ वॉट खात असेल तर सातही पुरते मिळणार नाहीत. या पाच-आठ वॉटमध्ये प्रोसेसर एकटा नसतो, स्क्रीनचा वाटा मोठा असतो. त्याच चिपचं त्याच कंपनीचं ४के स्क्रीनवालं मॉडेल साध्या स्क्रीनच्या मॉडेलपेक्षा बरंच आधी मान टाकतं. १३-१४ इंचांवर मजकूर वाचण्यासाठी १९२० बाय १२०० पुरेसं असतं. उंचीला थोडी जास्त जागा देणारी, म्हणजे १६ बाय १० प्रमाणाची स्क्रीन घ्या, प्रबंधाच्या चार ओळी जास्त दिसतात. हा फायदा तुम्हाला रोज मिळेल.

दुकानात किंवा ऑनलाइन निवडताना नावांनी फसू नका. नवं नाव म्हणजे नवी चिप असं नसतं. इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या रायझन ७००० मालिकेत हे फार झालं. ७५२०यू, ७५३०यू, ७७३५यू आणि ७८४०यू ही एकाच कुटुंबातली वाटणारी नावं आहेत, पण आतली रचना अनुक्रमे झेन २, झेन ३, झेन ३ प्लस आणि झेन ४ अशी आहे. तिथे तिसरा आकडा पाहायचा असतो, तो रचना सांगतो. इंटेलमध्ये 'कोअर ७ १५०यू' आणि 'कोअर अल्ट्रा ७ १५५एच' शेजारी ठेवले तर दोघं भावंडं वाटतील, पण पहिला आधीच्या रॅप्टर लेकचा आहे. लूनर लेक ओळखायची खूण सोपी आहे: कोअर अल्ट्रा २०० मालिका आणि शेवटी 'व्ही' अक्षर. २५६व्ही असेल तर रॅम १६ जीबी, २५८व्ही असेल तर ३२ जीबी. शेवटी 'यू' किंवा 'एच' दिसला तर तो लूनर लेक नव्हे, मग विक्रेता काहीही सांगो.

एआयचं लेबल पाहून थांबू नका किंवा जास्त पैसेही देऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसी या नावासाठी सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा वेगळा एनपीयू, म्हणजे एआयच्या कामांसाठीचा चिपचा भाग, आणि किमान १६ जीबी रॅम लागते. लूनर लेक, रायझन एआय ३०० आणि स्नॅपड्रॅगन एक्स यांत तो आहेच. तुम्हाला आज त्याचा उपयोग झालाच तर कॉलमध्ये मागचं दृश्य धूसर करायला होईल.

इंटेलवरच अडून बसू नका हेही सांगायला हवं. तुमच्या पत्रात सगळी नावं एकाच कंपनीची आहेत. मॅकशी वावडं नसेल तर एम४ किंवा अगदी एम३ चा मॅकबुक एअर तुमचं सगळं काम शांतपणे करेल. पंखाच नाही, त्यामुळे ध्वनिमुद्रण ऐकताना चिडीचूप. ऑक्टोबर २०२४ पासून कंपनीनं एअरची सुरुवातच १६ जीबीपासून केली. त्याआधीचे ८ जीबीवाले अजून कुठे पडून असतात, ते नको. स्नॅपड्रॅगनचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम आहेत, पण ते एआरएमवर, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीच्या चिपवर चालतात. साधे जुने प्रोग्राम त्यावर भाषांतराच्या थरातून चालून जातात, ड्रायव्हर मात्र चालत नाहीत, त्यांची एआरएम आवृत्तीच लागते. ध्वनिमुद्रण थांबवण्या-चालवण्यासाठी पायाचं पेडल वापरत असाल, विभागातला जुना प्रिंटर असेल, विद्यापीठाचं व्हीपीएन असेल, तर ते चालतं का हे आधी खात्रीनं विचारा. खात्री मिळाली नाही तर सोडून द्या.

"थांबा" असं मी कधी सांगेन? हातातला लॅपटॉप धड चालत असेल, काम अडत नसेल, नव्या मॉडेलची विक्रीची तारीख काही आठवड्यांवर असेल, आणि तुमची नेमकी अडचण त्या चिपमुळेच सुटणार असेल. उदाहरणार्थ, कुणाला पातळ लॅपटॉपवरच थ्रीडीचं काम करायचं होतं आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यानं मला विचारलं असतं, तर मी त्याला पँथर लेकचे रिव्ह्यू येईपर्यंत थांब असंच म्हटलं असतं. तेव्हाही, बारा ग्राफिक्स कोअर असलेलं 'एक्स' नावाचं मॉडेल बघ, चार ग्राफिक्स कोअरवालं नको, एवढं बजावून. तुमच्या बाबतीत यातली एकही अट लागू होत नाही.

राहिली हळहळ. दोन महिन्यांत त्याहून चांगला येईल का? हो, येईल, दरवेळी येतो. पण तुमच्या टेबलावरचा लॅपटॉप त्या दिवशी हळू होत नाही. तुम्ही गेली जवळपास तीन वर्षं रोज दीड तासाच्या बॅटरीवर, प्लगपॉइंटच्या शेजारची खुर्ची शोधत, कॉल अडकला की माफी मागत काम केलंत. पुढच्या चिपचा जो काही फायदा मिळेल, त्याच्याशी तुलना करताना हे दिवसही धरायला हवेत. लूनर लेक घेतलात तर भावाला सांगा की तुझं ऐकलं, लूनर लेकपर्यंत थांबले आणि तो घेतला. त्यालाही बरं वाटेल, कारण ते खरं आहे.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात, परत करण्याची मुदत संपायच्या आत, त्याच्यावर खरं काम करा. तासभर कॉल, मागे सगळे टॅब, 'आर'मध्ये तुमची सगळ्यात जड फाइल. रात्री झाकण बंद करून ठेवा आणि सकाळी बॅटरी किती टक्के उतरली ते बघा. चार-पाच टक्क्यांपर्यंत ठीक, वीस टक्के उतरली तर अपडेट करून पुन्हा बघा, तरीही तेच असेल तर बदलून मागा. कीबोर्डवर सलग दोन-तीन पानं टाइप करून बघा, कारण पुढचे सहा महिने तुमची बोटं तिथेच असणार आहेत. जुना लॅपटॉप लगेच देऊन टाकू नका. बॅटरी फुगलेली नसेल तर प्रबंध सादर होईपर्यंत तो कामाची दुसरी प्रत ठेवून कपाटात तयार राहू दे.